पिपाणीला नऊ हात

हॉयट लेडबेटरच्या बदकपिपाणीचं, म्हणजे बदकांना भुलवून खाली बोलवणाऱ्या शिकारी पिपाणीचं, नाव दोन गोष्टींसाठी होतं. एक म्हणजे तिचा आवाज. वर उंचावरून चाललेला थवा तो ऐकून मान वळवायचा आणि गोल गोल फिरत खाली उतरायचा. दुसरी गोष्ट म्हणजे ती ओठाला चिकटायची नाही. डिसेंबरातल्या पहाटे कमरेएवढ्या पाण्यात ओकच्या बुंध्याला टेकून उभ्या राहिलेल्या शिकाऱ्याला ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोलाची. हलक्या पॉलिशची पिपाणी गारठ्यात ओठाची साल काढते, गारा पडल्या की पांढरी पडते, आणि दोन हंगामांत तिचे पापुद्रे सुटायला लागतात. लेडबेटरची पिपाणी बापाकडून पोराकडे जायची आणि तरी नवी दिसायची.

आवाज हॉयटचा. न चिकटणं त्याच्या बहिणीचं, व्हर्नाचं. गावाला एवढंच माहीत होतं की म्हातारी बहीण त्याच्या हाताखाली असते. हाताखाली असणं हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात भांडी घासण्यापासून अर्धा धंदा चालवण्यापर्यंत काहीही बसतं. पिपाणीच्या पितळी कड्यावर कोरलेलं असायचं ते 'एच. लेडबेटर', आणि तिथे दुसऱ्या अक्षराला जागाच नव्हती.

चाळीस वर्षांपूर्वी व्हर्ना पाइन ब्लफ शहरात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. आई अंथरुणाला खिळली म्हणून एका हिवाळ्यापुरती घरी आली. आई सहा वर्षं जगली. तोवर पाइन ब्लफची नोकरी गेली होती, आणि नोकरीबरोबर गेलं त्याचं नाव व्हर्ना कधी काढत नसे. हॉयट त्या वेळी पिपाण्या कोऱ्याच विकायचा, लाकूड तसंच्या तसं. आईच्या उशाशी बसून बसून कंटाळलेल्या व्हर्नाने एक दिवस एक उचलली आणि तिला तेल लावायला सुरुवात केली. त्यानंतर एकही पिपाणी तिच्या हातातून गेल्याशिवाय घराबाहेर पडली नाही.

मागच्या जाळीच्या पडवीत तिचं टेबल होतं. नळीच्या दोन्ही तोंडांना बूच मारायचं, कारण तेल आत गेलं की आवाज बसतो. मग तुंग तेलाचा, म्हणजे लाकडात मुरून कडक सुकणाऱ्या बियांच्या तेलाचा, एक हात द्यायचा, तोही चिंधीने नाही, तळव्याने, लाकूड गरम होईपर्यंत. मग खिळ्याला टांगायचं. तीन दिवस थांबायचं, हवा दमट असेल तर पाच. मग अगदी बारीक लोखंडी काथ्याने घासायचं आणि पुढचा हात. असे नऊ. शेवटी ती पिपाणी आपल्या खालच्या ओठावर ठेवून बघायची. बोटं खोटं बोलतात, ओठ बोलत नाही, असं तिचं म्हणणं. तेल घासून घासून तिच्या तळव्यांच्या रेषा बुजल्या होत्या. चर्चमध्ये कुणी हात हातात घेतला की ती पटकन सोडवून घ्यायची.

सप्टेंबरच्या शेवटी, भाताची कापणी चालू असताना, मिसेस टिन्सली घरी आल्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या काउंटीचं छोटं म्युझियम सांभाळायच्या. तिथे त्यांनी एक काचेचं कपाट रिकामं केलं होतं, एकट्या हॉयटसाठी. अकरा जुन्या पिपाण्या लोकांकडून मागून आणल्या होत्या. बारावी हॉयटने नवी करून द्यायची. नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, बदकांच्या शिकारीचा हंगाम उघडला की कपाट उघडायचं.

व्हर्नाने पेकनचा पाय, म्हणजे अक्रोडासारखे दाणे भरून भाजलेला गोड पदार्थ, केला होता. तो कापून तिने वाढला आणि स्वतःही टेबलाशी बसली. एरवी पाहुण्यांसमोर ती बसत नसे, पण आज बसायला हवं असं तिला वाटलं. आज तरी विषय निघेल.

"प्रत्येक वस्तूखाली कार्ड लागतं," टिन्सलीबाई वही उघडत म्हणाल्या. "कुणी केली, लाकूड कुठलं, पॉलिश कुठलं. सांगा."

"हॉयट लेडबेटर," हॉयट म्हणाला. "स्पेलिंगमध्ये डी एक, टी दोन."

"ते मला माहीत आहे हो. पॉलिश?"

"तुंग तेल."

"किती हात?"

हॉयटने बहिणीकडे बघितलं. त्या बघण्यात माया वगैरे काही नव्हती, त्याला आकडा हवा होता.

"नऊ," व्हर्ना म्हणाली.

"नऊ," हॉयट म्हणाला, आणि टिन्सलीबाईंनी त्याचं ऐकून लिहून घेतलं.

"नऊ हात द्यायचा धीर कुठून आणता, मिस्टर लेडबेटर?"

"धीर अंगातच असावा लागतो, बाई," हॉयट म्हणाला आणि पायचा दुसरा तुकडा घेतला.

त्यांची गाडी रस्त्याला लागली. मग बशा गोळा करता करता व्हर्ना म्हणाली, "हॉयट, त्या कार्डावर माझं नाव घालायला सांग."

"कुठे?"

"खाली. पॉलिश व्हर्ना लेडबेटर. एक ओळ. फोन कर त्यांना."

"ती काय पेपरातली मयताची बातमी आहे, झाडून सगळ्या नातेवाइकांची नावं द्यायला?"

"नातेवाईक म्हणून नको. काम केलंय म्हणून."

हॉयटने खुर्ची मागे सरकवली. तो वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. चाळीस वर्षं आयतं ताट समोर येणारा कुठलाही माणूस असाच होतो. "हे बघ व्हर्ना, पिपाणी वाजते ती मी करतो म्हणून. तू पुसतेस. चांगली पुसतेस, नाही म्हणत नाही. पण खिडकी पुसणाऱ्याचं नाव कुणी खिडकीवर लिहीत नाही."

व्हर्नाला ते लागलं. असं लागलं की बशी हातातच राहिली. तो रागावला असता तर तिला चाललं असतं, पण तो समजूत घालत होता, आणि त्याला ते खरंच तसं वाटत होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग ही बारावी तूच पूस."

"पुसेन की. डब हार्करायडर त्याच्या सगळ्या पिपाण्या त्या पॉलियुरेथेनच्या रोगणातच बुडवतो. बुडवली, टांगली, झालं. काचेसारखी चमक, आणि वर्षानुवर्षं तेल द्यायची भानगड नाही. म्युझियमला टिकणारं पाहिजे. तुझ्या नऊ हातांचं काम एका बुडीत होईल."

"होऊ दे."

तिथे पॉलिश ठरलं. लाकडाला काय मानवेल याचा विचार दोघांनीही केला नाही. तिच्या ओळीची गरजच पडू नये म्हणून त्याने डबा निवडला, आणि तो निवडताना तिने त्याला अडवलं नाही.

पिपाणी त्याने झकास केली. कोकोबोलोचा एक ठोकळा त्याने वीस वर्षं जपून ठेवला होता, तांबडा, काळ्या शिरांचा, मेक्सिकोतून आलेला. कातावर फिरवून, आतली जीभ तासून त्याने ती शेडच्या दारात वाजवली तेव्हा पाणथळीतून खऱ्या बदकांनी उत्तर दिलं. व्हर्नाने स्वयंपाकघरातून ते ऐकलं. तिला मनातून फार बरं वाटलं, आणि त्याचाही राग आला.

आता कोकोबोलो हे लाकूड तेलाने भरलेलं असतं. सागासारखं, पण सागाच्या वरताण. त्याला तसंच्या तसं कुठलंही रोगण लावलं तर वरून चमकतं आणि सुकत नाही. आठवड्याने नाही, महिन्याने नाही. म्हणून व्हर्ना आधी ते अ‍ॅसिटोनने धुवायची, तीन तीन वेळा, चिंधी तांबडी यायची थांबेपर्यंत, आणि लाकडातलं तेल पुन्हा वर यायच्या आत पहिला हात द्यायची. त्यासाठी अ‍ॅसिटोनचा गॅलनचा डबा पडवीत कायम असायचा. हॉयटने तो चाळीस वर्षं पाहिला होता, आणि चाळीस वर्षं त्याला वाटत होतं की काम झाल्यावर हात धुवायला आहे. "आमची व्हर्ना जन्मात नखं रंगवत नाही," तो लोकांना सांगायचा, "पण नखरंग काढायचं औषध तिला गॅलनने लागतं." लोक हसायचे. तीही हसायची. खरं काय ते तिने कधी सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी हॉयटने पडवीत वर्तमानपत्र पसरलं आणि डबकडून आणलेला रोगणाचा डबा उघडला. व्हर्ना मधल्या दाराशी पेकन सोलत बसली होती. तिला सगळं दिसत होतं.

"काही सांगायचंय का?" त्याने तिच्याकडे न बघता विचारलं.

एक शब्द पुरला असता. तो तिच्या तोंडात आलाही होता. आणि मग तिला खिडकी आठवली.

"मी पुसणारी बाई," ती म्हणाली. "मला काय कळतंय."

त्याने खांदे उडवले. नळीला बूच मारलं, तेवढं त्याला ठाऊक होतं. तार अडकवून ती मधासारख्या रोगणात बुडवली, हळूच वर काढली, थेंब गळू दिले आणि तिच्याच खिळ्याला टांगली. दिसायला देखणी दिसत होती, खोटं कशाला बोला. मग त्याने अ‍ॅसिटोनचा डबा उघडला आणि त्यात चिंधी भिजवून स्वतःची बोटं स्वच्छ पुसली, एकेक करून. व्हर्ना बघत राहिली. तेच औषध, तोच माणूस, तीच पिपाणी. फक्त आधीचं नंतर झालं होतं.

त्या बारावीवर तिचा एकच हात होता, गप्प बसण्याचा. तो मात्र तिने चांगला जाड दिला.

चौथ्या दिवशी हॉयटने बोट लावलं आणि बोटाबरोबर पिपाणी वर आली. हवा दमट आहे, तो म्हणाला. मग त्याने ती शेगडीजवळ टांगली. मग ओव्हनचं दार उघडून समोर. डबला फोन केला. डब म्हणाला, माझ्या तर एका रात्रीत सुकतात, पण मी साध्या अक्रोडाच्या करतो, तू काय राजाचं लाकूड घेऊन बसलायस. दोन आठवडे झाले. त्याने वरून आणखी एक बुडी दिली, म्हणजे आगीत तेल. आता दोन थर सुकत नव्हते.

त्या रात्री जेवण झाल्यावर तो तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. हॉयट कुणाच्या दाराशी उभा राहणारा माणूस नव्हता.

"व्हर्ना, जरा बघशील का तिच्याकडे?"

पाच आठवडे हाताशी होते. सगळं खरवडून, धुऊन, नऊ हात बसले असते. तिने मनातल्या मनात मोजलंही.

"कार्डाचं काय?" तिने विचारलं.

"कार्ड छापून झालं असेल."

"टिन्सलीबाई टाइप करतात. पाच मिनिटांचं काम."

तो चौकटीवरचा रंग नखाने काढू लागला. "लोक म्हणतील, इतकी वर्षं फसवलं."

"लोक म्हणतील, दोघांनी केलं."

"नाही जमायचं."

"मग मलाही नाही जमायचं," ती म्हणाली, आणि त्याने दार ओढून घेतलं. एकाच आईची दोन लेकरं. सुंभ जळला तरी पीळ जाईना.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या मंगळवारी त्याने ती पिपाणी खोक्यात, तारेला धरून, स्वतः नेऊन दिली. उद्घाटनाला व्हर्ना गेली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. हॉयट संध्याकाळी परतला, कोट खुंटीला लावला, आणि वाफाळत्या मक्याच्या भाकरीवर लोणी लावताना म्हणाला, "टिन्सलीबाई नवीन कार्ड करतायत. तुझं नाव घातलंय."

व्हर्नाने चमचा खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"तुझं नाव. पॉलिशसमोर. मीच सांगितलं, सगळ्यांदेखत." त्याने वर बघितलं नाही. "हेच हवं होतं ना?"

ती उठली आणि उगाचच त्याच्या पुढ्यात आणखी घेवडा वाढला. रात्री तिला झोप लागली नाही, पण तळमळ म्हणावी अशीही नव्हती. किती वर्षं आपण या माणसाला मनातल्या मनात बोलत आलो, असं तिला वाटत राहिलं. भाऊच तो. उशिरा का होईना, आला सरळ. आणि आपण काय केलं? जाणूनबुजून त्याचं काम नासू दिलं. तिला स्वतःची लाज वाटली. तिने ठरवलं, टिन्सलीबाईंना सांगून ती पिपाणी घरी आणायची. धुऊन काढायची, नऊ हात द्यायचे, ख्रिसमसच्या आत परत नेऊन ठेवायची. दोघांची नावं एका वस्तूवर येणार, तर वस्तू तशी हवी.

सोमवारी तिने चर्चचा निळा कोट घातला. पर्समध्ये अ‍ॅसिटोनची छोटी बाटली आणि स्वच्छ चिंधी घेतली, तिथल्या तिथे एका जागचं रोगण पुसून लाकूड शाबूत आहे का ते बघायला.

कपाट दारातून शिरल्याबरोबर समोरच होतं. अकरा पिपाण्या एका ओळीत, हिरव्या मखमलीवर. काही पस्तीस वर्षांच्या होत्या. उजेड त्यांच्यावर पडत नव्हता, आतून येत होता. व्हर्नाने एकेकीला ओळखलं. ही आईच्या शेवटच्या हिवाळ्यातली, ही त्या पुराच्या वर्षीची. प्रत्येकीखाली कार्ड होतं, हॉयट लेडबेटर, तुंग तेल, नऊ हात.

शेवटी बारावी. तिच्या कार्डावर एक ओळ जास्त होती. 'पॉलिश: त्यांची बहीण व्हर्ना लेडबेटर.'

तिने ती ओळ वाचली आणि तिला खरोखर आनंद झाला. एक क्षणभरच, पण झाला. मग नजर वर गेली.

पिपाणी मखमलीत रुतली होती. अंगभर हिरवी लव चिकटली होती, आणि वरच्या बाजूला कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा, रेषान् रेषा मोजता येईल असा. रोगण एका अंगाला ओघळून खाली थबकलं होतं.

"आलात, मिस व्हर्ना," टिन्सलीबाई मागून आल्या आणि त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "फार बरं केलंत. मला काळजी होती, तुम्ही येता की नाही."

"काय झालं त्या दिवशी?"

"काही नाही हो. तो डब हार्करायडर, त्याच्या जिभेला हाड नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, हॉयट, ही बदकं बोलवायची आहे का माशा धरायची. लोक हसले. तेव्हा मिस्टर लेडबेटर पुढे आले. म्हणाले, हसू नका, पॉलिशचं काम माझ्या बहिणीचं आहे. तिचे डोळे गेलेत, हातात पूर्वीचं काही राहिलं नाही, पण ऐकत नाही. मला तिचं मन मोडवेना." टिन्सलीबाईंचे डोळे भरून आले होते. "मग कुणी हसलं नाही. कुणी तुम्हाला नावं ठेवली नाहीत, मिस व्हर्ना. उलट मला वाटलं, आता नाव यायलाच हवं."

व्हर्नाने हात सोडवून घेतला. "ती मी केलेली नाही."

टिन्सलीबाईंनी मायेने मान हलवली. "ते म्हणालेच होते, तुम्ही असं म्हणाल."

"त्या अकरा माझ्या आहेत. ही नाही."

"हो हो," टिन्सलीबाई म्हणाल्या, शाळेत पहिलीच्या पोरांशी बोलायच्या तशा. "बसता का जरा? पाणी आणू?"

व्हर्नाला कळलं की आता ती जितकं बोलेल तितकं हॉयटचंच खरं ठरणार. पर्समधली बाटली काढून दाखवली असती तरी तेच झालं असतं. डोळे गेलेली म्हातारी, पर्समध्ये रसायनाची बाटली घेऊन म्युझियममध्ये आलेली. शिवाय आतून एक आवाज तिला सांगत होता की तू सांगितलं असतंस तर हे झालं नसतं. तो आवाज खोटा नव्हता, हीच पंचाईत होती.

"मी ती घरी नेते," ती म्हणाली. "नीट करून देते."

"नको, नको. आहे तशीच राहू दे. माणसाच्या उतारवयातलं काम, त्यालाही किंमत असते. मिस्टर लेडबेटरही हेच म्हणाले."

तेवढ्यात मेम्फिस शहराकडचं एक जोडपं आत आलं. नवऱ्याच्या डोक्यावर शिकारीची टोपी होती. तो काचेशी वाकला, कार्डं वाचत वाचत सरकत गेला, शेवटच्या कार्डाशी थांबला आणि पुन्हा मागे वळून पहिल्या अकरा बघून आला. मग त्याने बायकोला जवळ बोलावलं.

"हा बघ भावाचा हात," तो काचेवर बोट फिरवत म्हणाला, "आणि हा बहिणीचा."

बायको हसली. शेजारी उभ्या असलेल्या निळ्या कोटातल्या बाईकडे बघून तिने माफी मागत जरा वाट मागितली, आणि दोघं पुढच्या कपाटाकडे गेली.

"मिस व्हर्ना," टिन्सलीबाई हळूच म्हणाल्या, "घाईत टाइप केलंय मी. नावाची अक्षरं तरी बरोबर आहेत ना? चुकलं असेल तर आत्ता बदलते."

व्हर्नाने चष्मा लावला आणि ती ओळ पुन्हा एकदा पहिल्या अक्षरापासून वाचली. डी एक होता, टी दोन होते.

"बरोबर आहेत," ती म्हणाली.